घटकाभराचे सोंग



वसंतातल्या या संध्याकाळी आपण येथे जमतो ते इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थकारण असले काही भारदस्त ऐकावयास. तेव्हा आजच्या व्याख्यानाचा विषय व्हिडिओ गेम, आणि त्याच्या जोडीला कॉकटेल, हे पाहून काही वडीलधाऱ्या श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडली असल्यास नवल नाही. एक पोरकटपणा आणि दुसरे व्यसन, या दोहोंची मोट बांधून ती व्यासपीठावर आणण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन इतकेच की हे दोन्ही नाद आज जगभरच्या सुशिक्षित, कामाधामाच्या माणसांच्या घरी एकत्र नांदत आहेत. दिवसभर कचेरीत राबलेला मनुष्य रात्री स्वयंपाक करतो, एखादे पेय मापून ढवळतो, आणि मग दोन तास पडद्यासमोर बसून योद्धा किंवा जादूगार होतो. सकाळी पुन्हा कचेरीत वेळेवर हजर! याला घरबुडवा म्हणावे की रसिक म्हणावे, हा वाद घरोघर चालतो. आमचे म्हणणे असे की या वादात पडण्यापूर्वी या खेळाचा इतिहास पाहावा. आणि तो पाहताना एकच प्रश्न हाती धरावा. हा खेळ मध्येच थांबवता येतो का, आणि थांबण्याची ती सोय त्यात कोणी व कशी केली?

आधी हा खेळ म्हणजे काय ते सांगणे भाग आहे. इंग्रजीत याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आम्ही भूमिका-खेळ म्हणू. यात खेळणारा स्वतः खेळत नाही, दुसरा कोणी होऊन खेळतो. त्या दुसऱ्याचे बळ, बुद्धी, चपळाई हे सारे अंकांत मांडलेले असते. तो प्रवास करतो, लढतो, शिकतो, आणि जसजसे दिवस जातात तसतसे त्याचे अंक वाढतात. बुद्धिबळाचा डाव तासा-दोन तासांत उरकतो. हा डाव चाळीस, पन्नास, कधी शंभर तास चालतो. सोंग घेण्याचा आनंद आपल्याला नवा नाही. आपल्याकडे बहुरूपी दारोदार फिरत, आणि मुली भातुकलीत संसार मांडीत. परंतु बहुरूप्याचे सोंग पाहणाऱ्यांसाठी असे आणि भातुकलीला नियमपुस्तक नसे. सोंगाला हिशेब जोडला गेला तो युरोपात, आणि तोही लष्करी छावणीत.

गंमत अशी की त्या हिशेबाचे मूळ पुन्हा आपल्याच चतुरंगाशी जाऊन मिळते. इराणमार्गे युरोपात गेलेले बुद्धिबळ जर्मन लोकांना अपुरे वाटू लागले. ब्रन्सविकच्या हेलविग नावाच्या गृहस्थाने १७८० साली चौसष्ट घरांचा पट शेकडो घरांचा केला आणि त्यावर डोंगर, नद्या, तोफखाना आणला. पुढे प्रशियात राइसविट्झ बापलेकांनी घरेच पुसून टाकली व नकाशावर खेळ मांडला. मुलाने १८२४ साली त्याचे नियम छापले आणि प्रशियाच्या सैन्याने तो खेळ शिक्षणासाठी उचलला. त्यातली एक युक्ती आमच्या विषयाला फार महत्त्वाची आहे. दोन बाजूंच्या मध्ये एक पंच बसवला. सेनापतीने काहीही हुकूम द्यावा, आणि त्याचे फळ काय ते पंचाने फासे टाकून, कोष्टके पाहून सांगावे. नियमांत जे लिहिलेले नाही तेही करून पाहण्याची मुभा त्या पंचामुळे मिळाली. भूमिका-खेळाचा गर्भ येथे राहिला. जन्माला दीडशे वर्षे लागली.

तो जन्म अमेरिकेच्या मध्यभागी, लहान गावांत आणि विद्यापीठांच्या आसपास झाला. १९६९ साली मिनेसोटात डेव्हिड वेसली या तरुणाने नेपोलियनच्या काळातले ब्राउनश्टाइन नावाचे एक काल्पनिक गाव मांडले आणि प्रत्येक खेळाडूस सैन्य देण्याऐवजी एकेक माणूस दिला. कोणी नगराध्यक्ष झाला, कोणी विद्यार्थ्यांचा पुढारी. त्याच मंडळीतल्या डेव्ह आर्नेसनने लवकरच ती कल्पना मध्ययुगीन गढीच्या तळघरात नेली. इकडे विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहानशा गावी गॅरी गायगॅक्स हे गृहस्थ राहत होते. विमा कंपनीतली त्यांची नोकरी १९७० साली सुटली होती. मग घरीच जोडे दुरुस्त करून ते प्रपंच चालवीत. आर्नेसनची कल्पना त्यांनी पाहिली, तिला नियमांची चौकट दिली, आणि जानेवारी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ दहा डॉलर किमतीच्या पेटीत विक्रीस आला. पहिली आवृत्ती १,००० प्रतींची. घराच्या तळघरात बसून पेट्या भरल्या जात. पहिले खेळाडू म्हणजे गायगॅक्स यांची घरचीच मुले.

हे सर्व आम्ही विस्ताराने सांगतो ते मुद्दाम. हा खेळ जगापासून पळून गेलेल्या निरुद्योगी लोकांनी काढला असा जो एक समज आहे, तो या तपशिलापुढे टिकत नाही. संसार, पोरेबाळे, पोटापाण्याची विवंचना हे सारे त्या पेटीच्या आजूबाजूस होते. जेवणाच्या टेबलावर ताटे उचलल्यावर तो खेळ मांडला जाई आणि सकाळी कामावर जायचे म्हणून आवरला जाई. समोर चार माणसे बसलेली असली की कोणाला तरी झोप येते, कोणाची आई हाक मारते. थांबण्याची सोय त्या बैठकीतच होती. ती नियमांत लिहिण्याची गरज कोणास वाटली नाही.

गरज पडली ती यंत्र आल्यावर. यंत्राला झोप येत नाही.

इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ नावाची एक संगणक-योजना होती. हेतू शिक्षणाचा. अनेक पडदे एका मोठ्या संगणकाला जोडलेले, आणि विद्यार्थ्यांनी त्यावर धडे गिरवावेत ही अपेक्षा. पेटीतला खेळ बाहेर येऊन वर्ष होते न होते तोच, १९७५ साली, रस्टी रदरफर्ड याने तो त्या पडद्यावर उतरवला. धड्यांच्या जागेत खेळ ठेवायचा म्हणजे चोरीचा मामला. म्हणून त्याचे नाव ‘पेडिट५’ असे, कोणालाही कंटाळा येईल असे ठेवले. अधिकाऱ्यांना पत्ता लागला की तो पुसला जाई. पण एक खेळ पुसला तर त्याच्या जागी दुसरे उगवत. धडे गिरवणारे झोपले की रात्री पडदे मोकळे मिळत, आणि तेव्हा खेळणाऱ्यांची गर्दी होई. शाळामास्तरांना चकवण्यात जी गोडी असते ती या खेळाला जन्मतःच चिकटली.

याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांनी ‘रोग’ नावाचा खेळ १९८० साली लिहिला. त्यात चित्रे नव्हती. अक्षरांचेच तळघर, अक्षरांचेच राक्षस. त्यातली एक खोडी सांगण्यासारखी आहे. वाटेत बाटल्या सापडत: कोणी निळी, कोणी हिरवी, कोणी गुलाबी. तिच्यात जखम भरणारे औषध आहे की डोळ्यांपुढे अंधारी आणणारे विष, हे पिऊनच कळायचे. आणि पुढच्या डावात रंगांचे अर्थ पुन्हा बदललेले! खेळ मध्ये ठेवून जाता येई, पण परत आलात की ठेवलेली खूण पुसली जाई. मेलात की मेलात. जगण्याचा असा कडक कायदा त्या काळच्या बहुतेक खेळांत होता. १९८१ सालच्या ‘विझर्ड्री’तही मेलेल्या सोबत्याला परत आणणे महाग पडे, आणि तो प्रयत्न फसला तर राखच हाती येई.

त्याच १९८१ साली टेक्सासच्या रिचर्ड गॅरियटने ‘अल्टिमा’ काढला. त्याचा चौथा भाग १९८५ साली आला आणि आम्हांस विचाराल तर या साऱ्या इतिहासातले ते सर्वांत विलक्षण वळण. आधीच्या खेळांत खेळाडू कोणाचेही घर लुटीत, दुकानदाराला मारून माल नेत, आणि शेवटी दुष्टाला मारले की ‘वीर’ म्हणून मिरवीत. पालकांची पत्रे येऊ लागली तेव्हा गॅरियट विचारात पडला. चौथ्या भागात त्याने शेवटचा दुष्टच काढून टाकला. मारायचे कोणाला? कोणालाच नाही. सत्य, प्रेम आणि धैर्य या तीन तत्त्वांतून निघालेले आठ सद्गुण अंगी बाणवायचे, हेच ध्येय. आणि ते पूर्ण करणाऱ्यास जी पदवी मिळे तिचे नाव ‘अवतार’. आमचाच शब्द, सातासमुद्रापलीकडे जाऊन पडद्यावर आला. पुढे त्याचा अर्थ इतका झिजला की आज कोणीही आपल्या नावाशेजारी चिकटवलेल्या चित्राला ‘अवतार’ म्हणतो. दशावतारी मंडळींनी कानांवर हात ठेवावेत अशी स्थिती.

या खेळात मिसळण्याची एक कला होती. मंत्र म्हणायचा तर त्याचे द्रव्य आधी कालवून ठेवावे लागे. आठ द्रव्ये: लसूण, जिनसेंग, गंधकाची राख, कोळ्याचे रेशीम, रक्तशेवाळ, काळा मोती, नाइटशेड आणि मँड्रेकचे मूळ. कोणत्या मंत्राला काय काय लागते ते कागदावर टिपून ठेवायचे. चुकीचे मिसळले की माल फुकट. शेवटची दोन कोणत्याही दुकानात मिळत नसत. त्या जगाला दोन चंद्र होते, आणि दोघांचीही अमावास्या एकत्र असेल त्या रात्री ठराविक जागी शोधली तरच ती हाती लागत. बाकीची ज्या दुकानात मिळत तेथली विक्रेती आंधळी. किती पैसे द्यायचे ते खेळणाऱ्यानेच मोजून ठेवायचे. कमी ठेवले तरी ती काही बोलत नसे. माल मिळे, आणि आत कोठेतरी प्रामाणिकपणाचा अंक गुपचूप उतरे. ते कळायचे फार पुढे, देवळाचे दार उघडेनासे झाल्यावर. मुलांच्या खेळात इतकी कडक नीती आम्ही क्वचितच पाहिली आहे.

मिसळण्याच्या या कलेवरून आता दुसऱ्या नादाकडे वळू. पेय मिसळण्याची कला या खेळाहून वयाने खूप मोठी, आणि तिच्यात आपल्या किनाऱ्याचाही वाटा आहे. शिवकाळात हिंदुस्थानात आलेला, जुन्नरपर्यंत जाऊन आलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याने गोव्याजवळच्या नेरूळ येथील अरक उत्तम असल्याची नोंद केली आहे. तिच्यापासून इंग्रज लोक ‘पंच’ नावाचे पेय करतात, आणि पाच जिन्नस घालतात म्हणून त्याला हे नाव, असे तो सांगतो. त्याचा ग्रंथ १६९८ साली छापला गेला. जुन्या कृतींत जिन्नस नेहमी पाचच भरत नाहीत म्हणून काही पंडित या व्युत्पत्तीवर शंका घेतात. घेवोत बापडे! पाचांची गोष्ट मात्र श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. शेवटी ती पुन्हा भेटणार आहे.

‘कॉकटेल’ हा शब्द काय आहे असे न्यूयॉर्क राज्यातील हडसन गावच्या एका वृत्तपत्राला वाचकाने विचारले, तेव्हा १८०६ साली संपादकाने उत्तर दिले की कडक मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क यांचे ते मिश्रण. ती या पेयाची पहिली छापील व्याख्या. १८६२ साली जेरी थॉमस या नामांकित बारटेंडरने आपल्या कृतींचे पुस्तक काढले. त्यातली मापे ‘वाइनचा एक पेला’ अशी, म्हणजे आपल्या आजीच्या ‘मूठभर’ आणि ‘चिमूटभर’सारखी. आजीचा हात बसलेला असतो म्हणून तिला चालते. पुस्तकावरून करणाऱ्याची फजिती होते. १८९३ साली शिकागोत टोकाला टोक जोडलेल्या दोन शंकूंच्या मापाचे एकस्व घेतले गेले. एका बाजूला मोठे माप, उलटे केले की लहान. ‘जिगर’ म्हणतात ते हेच. इवलीशी वस्तू, पण कृती घरोघर पोचली ती तिच्यामुळे. बारमध्ये ओतणारा दुसरा असतो आणि पिणारा मोजत नाही. घरी मापून ओतणाऱ्याला आपण किती घेतले ते बरोबर ठाऊक असते.

कायद्याने हा नाद मोडून काढण्याचेही प्रयत्न झाले. अमेरिकेत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती. तिने चोरटे अड्डे वाढवले. आणि त्या अड्ड्यांवरची वाईट दारू झाकण्यासाठी रस नि साखर ओतण्याचा प्रघात फैलावला. आमच्या मुंबई इलाख्यातही १९४९ चा दारूबंदी कायदा झाला. पुढे त्याची धार बोथट झाली, तरी परवान्याची अट कागदावर राहिली, आणि त्या परवान्यांच्या कथा विनोदी लेखकांना पिढ्यान् पिढ्या पुरल्या. आम्ही येथे दारूची वकिली करीत नाही. जो घेत नाही त्याने घेऊ नये. लिंबू, आले आणि कोकम यांची मापून केलेली सरबते कोणत्याही कॉकटेलला हार जाणार नाहीत. सांगायचे ते एवढेच की बंदीने जे साधले नाही ते एका इवल्याशा मापाने थोडेफार साधले.

भूमिका-खेळाला असे माप मिळाले ते जपानात. युजी होरी हा मुलांच्या मासिकांत लिहिणारा गृहस्थ. अमेरिकेच्या सफरीत त्याला ‘विझर्ड्री’चे वेड लागले, पण असा खेळ आपल्या देशातल्या सामान्य मुलांना, दूरचित्रवाणीला जोडायच्या स्वस्त यंत्रावर खेळता आला पाहिजे असे त्याने मनात घेतले. २७ मे १९८६ रोजी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ निघाला. चित्रे अकिरा तोरियामाची, संगीत कोइची सुगियामाचे. होरीने जुना कडकपणा काढून टाकला. वीर मेला तर तो राजासमोर पुन्हा उभा राहतो. राजा त्याला चार शब्द सुनावतो. निम्मे सोने जाते, पण शिकलेले सारे शाबूत राहते. अपयश आले की सारेच संपले असे नाही, हे पोराला कळले.

मोठी अडचण निराळीच होती. त्या स्वस्त यंत्राच्या खेळात लिहून ठेवण्याची जागा नव्हती. वीज बंद केली की सारा प्रवास पुसला जाणार. आणि खेळ तर कित्येक दिवसांचा. होरीच्या मंडळींनी काढलेली तोड पाहा. रात्री राजाकडे जायचे. राजा वीस अक्षरांचा एक मंत्र सांगतो. मुलाने तो वहीत उतरवून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी तो मंत्र टंकला की वीर जसाच्या तसा, त्याच बळाचा, तेवढ्याच सोन्याचा उभा राहतो. मंत्राला अर्थ काही नाही. वीराची सारी मालमत्ता त्या अक्षरांत गुंडाळलेली. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या भागात तो मंत्र बावन्न अक्षरांपर्यंत लांबला. एक अक्षर चुकले की आठवड्याची कमाई पाण्यात! जपानी घरांत त्या काळी किती वह्या अशा निरर्थक अक्षरांनी भरल्या असतील, आणि किती मुले एका चुकलेल्या अक्षरापायी रडली असतील, याची कल्पनाच करावी. परंतु हे रडणे चांगले होते असे आम्ही म्हणू. आई जेवायला हाक मारते, मूल मंत्र उतरवून घेते आणि उठते. खेळाने घराच्या वेळापत्रकापुढे मान तुकवली ती या वहीच्या पानावर.

तिसरा भाग १० फेब्रुवारी १९८८ रोजी आला. त्याच्या डबीत बारीकशी बॅटरी बसवली होती, त्यामुळे मंत्राची कटकट संपली. पण तो दिवस होता बुधवार, शाळेचा. दुकानांपुढे रांगा लागल्या. पहिल्याच दिवशी दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या, आणि शाळा बुडवून रांगेत उभी राहिलेली शेकडो मुले पोलिसांनी धरली. यानंतर हा खेळ शाळेच्या दिवशी विकू नये असा जपानात कायदाच झाला, अशी वदंता जगभर पसरली. असा कायदा कधी झाला नाही. विकणाऱ्या कंपनीने आपण होऊन पुढचे भाग सुटीच्या दिवशी काढण्याचा शिरस्ता धरला. लोकलज्जेने काम झाले.

या तिसऱ्या भागात लुइडाची खानावळ आहे. वीर तेथे जातो, आणि खानावळीची मालकीण त्याला सोबती मिळवून देते: कोणी योद्धा, कोणी वैद्य, कोणी व्यापारी. ज्याची आज गरज नाही त्याला तेथेच सोडायचे. तो बसून राहतो. भूमिका-खेळांतून खानावळ कधी सुटली नाही याचे आम्हांस नवल वाटत नाही. लढणारे लोक कोठेतरी बसणारच, आणि बसले की कोणीतरी पेला पुढे करणारच. २०१० साली टोकियोच्या रोपोंगी भागात याच नावाचा खराखुरा बार उघडला, आणि तेथे त्या खेळातल्या प्राण्यांच्या नावांची कॉकटेले मिळू लागली. लहानपणी मंत्र उतरवणारी मुले एव्हाना चाळिशीकडे झुकली होती.

परंतु इतिहास नेहमी सुधारत जातो असे नाही. १९९७ साली ‘अल्टिमा ऑनलाइन’, १९९९ साली ‘एव्हरक्वेस्ट’, आणि २००४ साली ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हे खेळ आले. आता खेळाडू एकटा नव्हता. हजारो माणसे एकाच काल्पनिक जगात वावरू लागली. हे जग आपण निजलो तरी चालूच राहते. आपण उठून गेलो तर सोबती लढाईत उघडे पडतात, मागे उरण्याची भीती वाटते. वहीतल्या मंत्राने जे मिळवले होते ते येथे हातचे गेले. हा आमच्या मते या इतिहासातला खरा धोक्याचा टप्पा. १९७९ साली मिशिगनमधला एक विद्यार्थी नाहीसा झाला, तो या खेळापायी भुयारात शिरला असा तर्क एका गुप्तहेराने केला, तो खोटा ठरला, तरी पुढे वर्षानुवर्षे अमेरिकन आईबापांनी त्या तर्काचा धसका घेतला. तो धसका पोकळ होता. नव्या सहस्रकातली काळजी तशी पोकळ नव्हती. दक्षिण कोरियाने २०११ साली सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सहापर्यंत असे खेळ बंद केले. मुले आईबापांच्या नावाने शिरू लागली, आणि २०२२ च्या आरंभी तो कायदा गुंडाळण्यात आला. चीनने २०२१ साली अल्पवयीनांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सणाच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच तास ठेवला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या यादीत अशा खेळण्याच्या विकाराला जागा मिळाली. तिची कसोटी विचार करण्यासारखी आहे. किती तास खेळला हे ती विचारीत नाही. खेळण्यावर ताबा सुटला का, आयुष्यातल्या इतर आवडी आणि रोजची कामे खेळापुढे मागे पडली का, नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहिला का, आणि हे वर्षभर टिकले का, असे ती विचारते. म्हणजे ज्याचे भांडीकुंडी, मित्र, पुस्तके, आणि हो, संध्याकाळचा तो मोजका पेला, सारे जागच्या जागी आहे, तो रोगी नव्हे.

खेळ करणाऱ्यांनाही हे हळूहळू उमगले होते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ची चाचणी चालू असता त्यांनी असा नियम केला की फार वेळ खेळणाऱ्याला मिळणारे अंक कमी व्हावेत. खेळाडू संतापले. तेव्हा तोच हिशेब उलटा करून मांडला: जो आपला वीर खानावळीत ठेवून निजायला जातो, त्याला परत आल्यावर काही काळ दुप्पट अंक मिळतील. आकडे बहुतेक तेच, पण दंडाचे बक्षीस झाले आणि तक्रार मिटली. मनुष्यस्वभावाचा याहून नामी दाखला आम्हांस शाळेच्या पुस्तकात सापडला नाही.

माप पेल्यातही आले. पोलंडच्या ‘द विचर’ या २००७ सालच्या खेळात राक्षस मारणारा नायक लढाईपूर्वी काढे पितो. प्रत्येक काढ्याचा पाया कडक मद्याचा. मद्य जितके शुद्ध तितका काढा सरस. पण प्रत्येक घोटाबरोबर अंगात विष चढते, आणि पडद्याच्या कोपऱ्यात त्याचे माप दिसत राहते. मर्यादा ओलांडली की काढाच जिवावर उठतो. आणि हे काढे धावता धावता करता येत नाहीत. त्यासाठी शेकोटीपाशी किंवा खानावळीत स्वस्थ बसावे लागते.

आता शेवटचा खेळ, आणि तो आम्ही शेवटी राखून ठेवला तो पाचांच्या गोष्टीसाठी. २०१६ साली व्हेनेझुएलातील दोघा-चौघा तरुणांनी ‘व्हॅल्हॅला’ नावाचा खेळ काढला. काटेकोर वर्गीकरण करणारे याला भूमिका-खेळ म्हणणार नाहीत, कारण यात लढाई नाही आणि अंक वाढत नाहीत. आम्हांला मात्र यात भूमिका घेण्याचे मूळ रूप दिसते. यात खेळणारा वीर नसतो, जादूगार नसतो. तो होतो जिल नावाची एक तरुण बारटेंडर. पुढच्या काळातले एक भ्रष्ट, मोडकळीस आलेले शहर, आणि त्यात हा एक लहानसा बार. गिऱ्हाइके येतात, आपली दुःखे सांगतात, आणि पेय मागतात. जिलच्या हाताशी जिन्नस पाच. फक्त चार गोड-आंबट-कडू पदार्थ आणि पाचवे मद्य. त्यांची सारी मापे मिळून विसाच्या आत बसवायची. बोलताना काय बोलावे याची निवड खेळाडूकडे नाही. जे काही करायचे ते पेल्यातून. एखाद्याने कडक मागितले आणि त्याची अवस्था पाहून आपण सौम्य दिले, किंवा उलट केले, तर गोष्ट वेगळ्या वाटेने जाते. कहाणीत जिलला घरभाडे भरायचे असते, विजेचे बिल भरायचे असते. पैसे उडवले तर महिनाअखेर नड येते.

ज्या देशात हा खेळ झाला तेथे त्या वर्षांत पैशाची किंमत दिवसागणिक घसरत होती, वीज जात होती, दुकाने रिकामी होती. तेव्हा भाड्याची विवंचना कल्पनेतून आणावी लागली नसावी. त्याच देशातल्या अंगोस्तुरा नावाच्या गावी, बोलिव्हारच्या फौजेबरोबर असलेल्या सीगर्ट या जर्मन वैद्याने १८२४ साली पोटाच्या विकारावर एक कडू अर्क तयार केला. गावाचे नाव १८४६ साली बदलले, कारखानाही पुढे त्रिनिदादला गेला. पण जगातल्या कोणत्याही बारच्या फळीवर ती कागदात गुंडाळलेली लहान बाटली आजही सापडते, आणि १८०६ च्या त्या व्याख्येतला चौथा जिन्नस म्हणून तिचे दोन-चार थेंब पेल्यात पडतात.

जिलची पाळी रोजची ठरलेली. मध्यंतरी थोडी विश्रांती असते. ती बाहेर जाऊन सिगारेट ओढते, आणि तेवढ्यात खेळणाऱ्याला आपला खेळ जतन करून ठेवता येतो. पाळी संपली की बार बंद, मग घर, मांजर, आणि झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा तीच सोय.